ताडामाडांची जन्मपत्रिका

बागेत गेले म्हणजे आपले डोळे आधी फुलांकडे जातात. गुलाब, शेवंती पाहून होते, मुलांची घसरगुंडी होते, मग सावली बघून डबे सोडायचे आणि उन्हे उतरली की घरची वाट धरायची. वाटेच्या दोन्ही बाजूंना दीपमाळांसारखे उभे असलेले उंच ताडमाड मात्र मान वर करून कोणी फारसे पाहत नाही. त्यांना सुवासिक फूल नाही, पारंब्यांचा झोका नाही, वडासारखी सावलीही नाही. परंतु जगात कित्येक ठिकाणी असा एखादाच जुना ताड पाहण्यासाठी लोक दुरून येतात, त्याच्या पायथ्याची पाटी वाचतात आणि नमस्कार केल्यासारखे क्षणभर उभे राहतात. असे काय असते त्या झाडात?

मंडळाचा वर्धापनदिन म्हणजे वयाची मोजदाद करण्याचा दिवस. म्हणून या स्मरणिकेत अशा झाडांविषयी लिहावे असे मनात आले, की ज्यांचे वय मोजणे सर्वांत अवघड.

ताड, माड, पोफळ, शिंदी, खजूर, भेरली माड ही सारी एका कुळातली भावंडे. इंग्रजीत या कुळाला पाम म्हणतात आणि तो शब्द आता आपल्याही तोंडात बसला आहे. या कुळाची रीत इतर झाडांहून वेगळी. आंबा, वड, चिंच यांचे खोड वर्षावर्षाने जाड होत जाते. सागाचा ओंडका आडवा कापला तर आत कड्यांवर कडी दिसतात आणि त्या मोजून जाणकार वय सांगतात. वडाला दोरी गुंडाळून घेर पाहिला तरी तो किती जुना असेल याचा तर्क करता येतो. माडाला यांपैकी काहीच लागू नाही. तो पहिली काही वर्षे जमिनीलगतच बसून राहतो आणि बुंध्याची जाडी भरून घेतो. जाडी एकदा ठरली की मग वर चढू लागतो, आणि पुढे जन्मभर उंचच होत जातो, जाड होत नाही. त्याच्या खोडात वर्षाची कडी नसते. म्हणून वीस वर्षांच्या माडाला आणि साठ वर्षांच्या माडाला मिठी मारली, तर हाताला फरक कळायचा नाही.

खोडावर गळून गेलेल्या झावळ्यांचे वण असतात हे खरे. नारळाचे झाड वर्षाला साधारण बारा झावळ्या टाकते, त्या हिशेबाने वण मोजून कोकणातले जाणते लोक अदमास बांधतात. पण खालचे वण पावसापाण्याने झिजून जातात, आणि खतपाणी चांगले असेल त्या वर्षी झावळ्या जास्त, दुष्काळात कमी. त्यामुळे अदमास तो अदमासच.

दुसरी गोष्ट शेंड्याची. वडाची फांदी तोडली तर तिथे दोन फुटतात. माडाचा सारा जीव त्याच्या एका शेंड्यात असतो. तो शेंडा तुटला, किंवा सोंड्या भुंग्याने आतून पोखरला, की माड संपला, पुन्हा फूट नाही. पोखरणे चालू असते तेव्हा बाहेरून काही दिसत नाही. शेंड्याच्या कोवळ्या झावळ्या कलंडल्या की मगच कळते आणि तोवर बहुधा वेळ गेलेली असते. या नियमाला अपवाद आहेत. दीवला समुद्रकाठी रावणताड आहेत, तिथले लोक त्यांना होका म्हणतात. त्यांच्या खोडाला दोन, दोनाच्या चार अशा फांद्या फुटलेल्या असतात आणि नागव्याच्या किनाऱ्यावर जाणारे प्रवासी ते मुद्दाम पाहतात. पण बहुतेक ताडमाडांना शेंडा एकच.

म्हणजे असे, की या झाडाचे वय त्याच्या अंगावर लिहिलेले नाही, आणि ते एकदा गेले की मुळापासून पुन्हा उभे राहत नाही. त्याची जन्मपत्रिका कोणीतरी माणसानेच लिहून ठेवायची असते. ज्या झाडांची ती ठेवली गेली, ती आज नावाजलेली आहेत. त्यांतल्या चार-पाच झाडांची हकिकत सांगते.

युरोपात इटली देशात पादुआ नावाचे गाव आहे. तिथल्या विद्यापीठासाठी व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १५४५ साली औषधी वनस्पतींची बाग घातली. वैद्यकी शिकणाऱ्या मुलांना खरी वनस्पती कोणती आणि खोटी कोणती हे ओळखता यावे, हा हेतू. त्या बागेत १५८५ साली एक बुटक्या जातीचा पंख्यासारख्या पानांचा पाम लावला. तेव्हा आपल्याकडे उत्तरेत अकबर बादशहा राज्य करीत होता आणि शिवाजीमहाराजांच्या जन्माला अजून पंचेचाळीस वर्षे अवकाश होता. ते झाड आजही जिवंत आहे. थंडीपासून जपण्यासाठी त्याच्याभोवती आठ कोनांचे काचेचे घर बांधले आहे. उंची फार नाही, पण मान मोठा.

आपल्या कालिदासाच्या शाकुंतलाची ज्याने तोंडभर स्तुती केली, तो जर्मन कवी गटे १७८६ साली या बागेत आला होता. या पामाची खालची पाने साधी, भाल्याच्या पात्यासारखी, आणि वर वर जावे तशी चिरत जाऊन पुरी पंख्यासारखी झालेली त्याला दिसली. त्याने माळ्याला विनंती करून साध्या पानापासून पंख्याच्या पानापर्यंत एकेक नमुना कापून घेतला आणि बरोबर नेला. झाडाचे सगळे अवयव हे पानाचीच निरनिराळी रूपे आहेत, असा विचार त्याने पुढे १७९० साली पुस्तकातून मांडला. तेव्हापासून त्या झाडाला गटेचा पाम म्हणतात. १९९७ साली ती बाग जागतिक वारशाच्या यादीत गेली. लावल्याचे साल कागदावर नसते, तर त्या बुटक्या जातीच्या झाडाला कोणी चारशे वर्षांचे म्हटले असते काय?

आता दक्षिण अमेरिकेत जाऊ. नेपोलियनच्या फौजा चालून आल्या तेव्हा पोर्तुगालचा राजपुत्र जुआंव सारा दरबार जहाजांत घालून ब्राझीलला पळाला आणि १८०८ साली रिओ द जानेरो या गावी त्याने बिऱ्हाड केले. गोव्यावर त्या वेळी याच घराण्याचा अंमल होता. रिओला त्याने त्याच वर्षी एक बाग घातली. मसाल्याची आणि परदेशी उपयोगाची झाडे तिथे रुजवून पाहायची, अशी कल्पना. पुढल्या वर्षी मॉरिशस बेटावरून काही रोपे आणि बिया आल्या, त्यांत एक उंच जातीचा राजस पाम होता. राजपुत्राने १८०९ साली तो स्वतःच्या हाताने लावला असे सांगतात.

झाड वाढले आणि १८२९ साली त्याला पहिला मोहोर आला. असे झाड दुसऱ्या कोणाच्या अंगणात असू नये, राजाच्या बागेचा मान राजाच्या बागेतच राहावा, म्हणून बिया उतरवून जाळून टाकाव्यात असा हुकूम बागेच्या अधिकाऱ्याने काढला. त्या काळी ब्राझीलमध्ये गुलामगिरी होती, आणि बागेतली सगळी कष्टाची कामे गुलामच करीत. ते रात्रीच्या अंधारात त्या उंच खोडावर चढत, बिया काढून आणीत आणि शंभर रेइसला एक या भावाने बाहेर गुपचूप विकीत, अशी हकिकत आहे. जमीनदार लोक त्या बिया घेऊन आपल्या वाड्यांपुढे पामांच्या रांगा लावू लागले आणि थोड्याच वर्षांत हे झाड त्या देशात ठिकठिकाणी उभे राहिले. म्हणून मूळ झाडाला लोकांनी आई-पाम असे नाव दिले. बागेत १८४२ साली त्याच्याच वंशाची दुतर्फा रांग लावली. ती पाऊण किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि रिओला जाणारा प्रवासी ती पाहिल्याशिवाय परतत नाही.

आई-पामावर १९७२ साली वीज पडली. तेव्हा ते झाड ३८ मीटरांहून उंच झाले होते, म्हणजे आपल्या बारा-तेरा मजली इमारतीएवढे. शेंडा गेला, झाड गेले. त्याचे खोड बागेतल्या लोकांनी जपून ठेवले आणि त्याच जागी त्याच्याच बीजाचे दुसरे झाड लावले. त्याला लेक-पाम म्हणतात. माय गेली, लेक घर चालवते आहे.

या गोष्टीत एक बोच राहते. राजपुत्राचे नाव पाटीवर आले. ज्यांनी जीव धोक्यात घालून रात्री ते बी उतरवले आणि सगळ्या देशात पोचवले, त्यांचे एकाचेही नाव पाटीवर नाही. जन्मपत्रिका लिहिणारा ज्याचे नाव लिहितो तेवढेच पुढे राहते. आपल्या अंगणातल्या तुळशीला आणि माडाला रोज पाणी कोण घालते, हे तरी कुठे लिहिलेले असते?

रिओमध्येच याच्या उलट असे एक उदाहरण आहे आणि तेही एका बाईचे. शहरातली टेकडी फोडून समुद्रात भराव घातला आणि त्या नव्या जमिनीवर मोठा रस्ता आणि बाग करायचे ठरले. हे काम लोता दि मासेदो सोआरिस या बाईंकडे आले. त्यांच्याजवळ कसली पदवी नव्हती. वाचून, पाहून आणि विचारून त्या शिकल्या होत्या. भरावाच्या जमिनीवर नुसते रस्तेच होऊ नयेत, मुलांना खेळायला आणि कष्टकरी माणसांना संध्याकाळी बसायला जागा मिळावी, म्हणून त्या अधिकाऱ्यांशी भांडभांड भांडल्या. १९६५ साली ती फ्लामेंगोची बाग लोकांना खुली झाली. झाडांची आखणी रॉबेर्तो बुर्ले मार्क्स या नामांकित बागतज्ज्ञाची. त्याने तिथे पुष्कळ जातींचे पाम लावले आणि त्यांत आपल्याकडचा श्रीताड होता.

श्रीताड हा दक्षिण हिंदुस्थान आणि सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, इथला. याच्या पानांच्या छत्र्या करीत आणि याच्याच पानांवर लोखंडी लेखणीने पोथ्या कोरीत. दृष्ट लागू नये म्हणून लहान मुलांच्या गळ्यात जुन्या बायका बजरबट्टू बांधीत, ते याचेच बी. या झाडाची तऱ्हा अशी, की ते तीस, चाळीस, कधी कधी ऐंशी वर्षेही नुसते वाढत राहते. मग एकदा, जन्मात एकदाच, त्याच्या माथ्यावर दोन पुरुष उंचीहून मोठा मोहोर येतो. लाखो फुले असतात त्याला. त्यानंतर वर्षभरात फळे पिकतात आणि झाड मरते. आयुष्यभर साठवलेले सारे त्या एका बहरात देऊन टाकते.

लोताबाई १९६७ साली वारल्या. बुर्ले मार्क्स १९९४ साली गेला. त्यांच्या बागेतले काही श्रीताड २०२५ सालाच्या अखेरीस फुलले. सारे शहर माना वर करून पाहायला लोटले. झाडे कोणी लावली आणि केव्हा, हे लोकांना ठाऊक होते, म्हणूनच त्या फुलांचे मोल त्यांना कळले. नाहीतर एक विचित्र तुरा आला आणि झाड वाळले, एवढेच दिसले असते.

आणखी एक झाड आपल्या स्वयंपाकघराजवळचे आहे. जावा बेटावर बोगोर येथे १८१७ साली डच लोकांनी बाग घातली. तिथे १८४८ साली तेल्या पामाची चार रोपे आणून लावली. हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले. बागेची शोभा म्हणून लावलेल्या त्या चार झाडांच्या बियांपासून पुढे सुमात्रा आणि मलायात तेलासाठी मळे उठले. वाण्याकडून आपण पामतेलाची पिशवी आणतो, तिचे मूळ शोधत गेले तर बहुधा त्या चार झाडांपाशी पोचते. त्यांतले शेवटचे झाड विसाव्या शतकाच्या अखेरीस मेले, पण चारांचा जन्म बागेच्या दप्तरात लिहिलेला असल्यामुळे केवढ्या मोठ्या धंद्याचे मूळ कुठे, हे आज सांगता येते. या मळ्यांसाठी तिथली जुनी अरण्ये तोडली गेली, हेही त्याच इतिहासाचे दुसरे पान आहे.

आता आपल्या देशात येऊ. कलकत्त्याजवळ हुगळीच्या पलीकडे शिबपूर येथे १७८७ साली घातलेली मोठी वनस्पतीबाग आहे. आज तिला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. लोक तिथे अवाढव्य वड पाहायला जातात, पण तिथे एक दर्याई नारळही वाढला. याचेच दुसरे नाव जहरी नारळ. जगातले सर्वांत मोठे बी याचे; एकेक पंधरा-वीस किलो भरते आणि दोन नारळ एकमेकांना चिकटल्यासारखे दिसते. पूर्वी हे नारळ समुद्रात वाहत मालदीवच्या आणि आपल्या किनाऱ्याला लागत, आणि झाड कोणीच पाहिलेले नव्हते. म्हणून ते समुद्राच्या तळाशी उगवते अशी समजूत होती. विषावर उतारा म्हणून याला सोन्याचे मोल येई आणि फकीर लोक याच्या कवटीचा भिक्षापात्र म्हणून उपयोग करीत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात औषधींवरचे पुस्तक छापले, त्यात साध्या नारळाबरोबर या मालदीवच्या नारळाचाही विचार केला आहे. झाड प्रत्यक्ष सापडले ते १७६८ साली, सेशेल्समधल्या प्रालँ बेटावर, फ्रेंचांना.

शिबपूरला त्याचे बी १८९४ साली रुजवले. या जातीत नर झाड वेगळे आणि मादी वेगळी. शिबपूरचे झाड मादी निघाले आणि जवळपास नर नव्हता. शेवटी परदेशातल्या नर झाडाचे पराग मागवून बागेतल्या शास्त्रज्ञांनी ते हाताने घातले आणि फळ धरले. शंभर वर्षांहून अधिक काळ या झाडाची निगा किती माणसांनी वारशाने केली असेल! एक निवृत्त झाला की दुसऱ्याच्या हाती वही देत गेला. वही नसती तर साखळी तुटली असती.

आणि आपली मुंबई? आपल्या शहराचा सारा जुना इतिहास माडांच्या सावलीत घडला आहे. गिरगाव, दादर, माहीम इकडे माडांच्या वाड्याच वाड्या होत्या. जुन्या कागदांत त्यांना ओर्त म्हणत, हा पोर्तुगीज भाषेतून आलेला शब्द. वाडीचे नाव घरांच्या पत्त्यात राहिले आणि माड गेले. त्या माडांची मोजणी सरकारने केली नाही असे नाही. १८७८ सालच्या अबकारी कायद्याने ताडी काढायच्या झाडांवर कर बसला, तेव्हा झाडांचा हिशेब ठेवावाच लागला. कर वसूल करायचा तेव्हा झाड दिसते, आणि रस्ता रुंद करायचा तेव्हा ते दिसत नाही, ही गंमतच म्हणायची.

भायखळ्याची राणीची बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते लोकांना खुली झाली आणि १८७३ साली नगरपालिकेच्या ताब्यात आली. आता तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आपल्यापैकी बहुतेकींनी ती पाहिली आहे, पण जनावरांसाठी. खरे म्हणजे ती आधी झाडांची बाग होती, प्राणी पुढे आले. तिथे राजस पामांच्या रांगा आहेत आणि घोसाने लोंबणाऱ्या फळांचा भेरली माड आहे. २००७ साली बागेचे रूप पालटण्याची एक मोठी योजना निघाली, तेव्हा काही नागरिक जुन्या झाडांच्या काळजीने पुढे आले. त्यांत भगिनींचा पुढाकार होता. त्यांनी नुसता आरडाओरडा केला नाही. बागेत हिंडून कोणते झाड कुठे आणि कोणत्या जातीचे, याची माहिती गोळा केली, लोकांना झाडे दाखवायला नेले, कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. म्हणून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागले.

कागदाला किती महत्त्व असते, हे गोव्याच्या माडावरून कळेल. गोव्यात झाडे राखण्याचा कायदा १९८४ सालचा. २०१६ साली त्यात बदल करून माडाला झाडांच्या व्याख्येतूनच वगळले. शास्त्र पाहिले तर माड हा गवताच्या आणि बांबूच्या नात्यातला, हे खोटे नाही. पण व्याख्येतून गेला म्हणजे तोडायला परवानगी नको, असा त्याचा अर्थ. ज्या झाडाचे फळ हातात घेतल्याशिवाय तिथे शुभकार्य होत नाही, ते झाड झाडच नव्हे! लोकांनी फार विरोध केला. पुढल्या वर्षी, २०१७ साली, माडाला पुन्हा कायद्यात घेतले आणि राज्यवृक्षाचा मानही दिला. एका शब्दाने माड निराधार झाला होता आणि एका शब्दाने सावरला.

आपल्या महाराष्ट्रात शहरांतली झाडे राखण्याचा कायदा १९७५ सालचा. २०२१ साली त्यात सुधारणा झाली, तेव्हा पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला वारसावृक्ष म्हणायचे ठरले. शिवाय एखादे झाड तोडावेच लागले, तर त्याचे जितके वय तितकी नवी झाडे लावायची असा नियम झाला. नियम चांगला आहे. पण भगिनींनो, वर सांगितलेले आठवा. वडाचा घेर मोजून वय ठरवता येईल. चाळीच्या मागे उभ्या असलेल्या माडाचे वय कशावरून ठरवणार? दोरीने घेर मोजणाऱ्याला तो वीस वर्षांचाही वाटेल. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कडी नाही आणि घेर नाही. साक्ष असेल तर ती आपलीच.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवते. आपल्या आळीत, देवळाच्या आवारात, शाळेच्या पटांगणात, मैदानाच्या कडेला जेवढे जुने ताडमाड उभे आहेत, त्यांची एक वही करू. प्रत्येक झाडाला एक पान. झाड कुठे आहे, कोणत्या जातीचे, कोणी लावले, कोणत्या निमित्ताने, आणि पाणी कोण घालीत असे, हे विचारून लिहायचे. हे सारे आजींना ठाऊक असते. थोरल्याचा जन्म झाला त्या वर्षी लावला, अमुक पुरात पहिला नारळ धरला, अशा खुणा त्यांच्या बोलण्यात सहज येतात. हळदीकुंकवाला सगळ्या एकत्र जमतातच. वाण लुटता लुटता चार प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? घरातले जुने फोटोही काढून पाहावेत. लग्नाच्या किंवा मुंजीच्या फोटोत मागे अंगणातला माड उभा असतो आणि फोटोच्या पाठीवर तारीख असते. ती तारीख म्हणजे झाडाचा दाखला.

ही आजी मंडळी एकेक करून कमी होत चालली आहे. त्यांच्याबरोबर झाडांच्या जन्माच्या तारखाही जातात आणि मग त्या कुठेच मिळत नाहीत. एवढ्यासाठी हे काम पुढल्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

बागेची सहल काढायची झाली तर संक्रांतीनंतर काढावी, हवा बरी असते. सकाळी लवकर गेलो म्हणजे माना वर करून पाहताना ऊन डोळ्यांत येत नाही. जाताना एवढे पाहावे: खोडावरचे वण जवळजवळ आहेत की दूरदूर, जवळ असतील तर त्या वर्षांत झाड हळू वाढले. पाने पिसासारखी आहेत की पंख्यासारखी. शेंड्याची कोवळी पाने ताठ आहेत ना. ती कलंडलेली दिसली तर माळ्याला लगेच सांगावे. पायथ्याशी पाटी असेल तर ती मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी. पाटी नसेल तर बागेच्या कचेरीत जाऊन, हे झाड केव्हाचे, असे नम्रपणे विचारावे. विचारणारे कोणी आहे एवढे कळले, तरी झाडाकडे लक्ष जाते.

रिओच्या गुलामांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, ती आता कोणालाच शोधून सापडायची नाहीत. आपल्या वाडीतल्या माडाला कळशीने पाणी घालणाऱ्या बायकांची नावे अजून सापडण्यासारखी आहेत. वहीसाठी कोरे रजिस्टर मंडळाच्या कपाटात ठेवले आहे. ज्या भगिनींना आपल्या दारातल्या झाडाची हकिकत ठाऊक असेल, त्यांनी कोणत्याही शनिवारी दुपारी येऊन ती सांगावी. लिहिता येत नसेल तर लिहून घेऊ. पुढल्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत त्यांतली पहिली काही पाने छापता यावीत, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करते.